चौथ्या चरावरची चाकोरी

४ मार्च, रविवार
आज ते परत आले. सहा मोटारसायकली, उंच चाकांच्या, बटनाच्या टायरच्या. लातूरहून येतात. माझं घर नव्या गावात शेवटच्या ओळीत, दारात उभं राहिलं की माळ समोर, म्हणून आधी मलाच कळतं. सरळ चढले, सरळ उतरले. चौथ्या चराचा बांध ओलांडताना एकाची गाडी हवेत गेली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडले. त्यांना वाटलं म्हातारी हात हलवतीय. त्यांनीही हलवले.

५ मार्च
जैनबीला घेऊन माळावर गेले. चौथ्या चराचा बांध तीन जागी बसलाय. चाकोरी वीतभर खोल, उताराला सरळ. पाण्याला अशी वाट सापडली की ते दुसरी शोधत नाही. चौथा चर फुटला की तिसरा फुटणार, मग सगळी माती खाली गावाच्या विहिरीत.
जैनबी चाकोरीत पाय घालून उभी राहिली. म्हणाली, "आपून हाजरीवर खणलेलं, अन् हे लोक टाळ्या पिटून फोडाय लागले."
पाणी अडवायचे हे आडवे चर भूकंपानंतर आम्ही बायकांनीच खणले, रोजगार हमीवर. पहिल्या दिवशी टिकाव कुणी उचलेना. तीन-चार महिन्यांआधी त्याच टिकावांनी घरची माणसं काढली होती. माझ्या मालकांनाही. मुकादम शिव्या देऊन दमला, खाली बसला. शेवटी जैनबीनं उचलला. मग मी.
पंचवीस वर्षं व्हायला आली. गुडघे दुखतात.

११ मार्च, रविवार
आज माळाच्या तोंडाशी जाऊन मधोमध उभी राहिले. पहिली गाडी अगदी जवळ येऊन थांबली. टोप काढला तर पोरगा नव्हे, तिशीचा माणूस. बाकीचे त्याला निखिल सर म्हणत होते. लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. सगळेच सर. कुणी केमिस्ट्रीचे, कुणी गणिताचे.
"आजी, बाजूला व्हा. लागेल."
"लागू द्या. तुमी कुठं चालले ते सांगा आधी."
"हे गायरान आहे ना? सरकारी जागा. कुणाची नाही."
"सरकारी हाय म्हणूनच आमची हाय."
त्यांना गाडीवरून उतरवलं. चौथ्या चरापाशी नेलं, चाकोरीत हात घालायला लावला. मनगटाच्या वर माती लागली. सर हात झटकून उठले. म्हणाले, "आम्हाला वाटलं, माळालाच असे उंचवटे आहेत. कुणी केलेत असं वाटलंच नाही."
राग आला. आणि बरंही वाटलं. काम इतकं मुरलंय की डोंगराचंच दिसतं.
त्यांचंही ऐकून घेतलं. सकाळी सहापासून बॅचेस, एका खोलीत दोनशे पोरं, आठवड्याला एक रविवार. मी म्हटलं, या ना, नको कोण म्हणतंय, पण वाटेनं जा. तर सर म्हणाले, "कुठली वाट?"
 वाट नाहीच.

१३ मार्च
सरपंच घरी आले. गावात दोन बेत शिजलेत. तरण्यांचा बेत माळाच्या तोंडाशी तार बांधायचा. गळ्याच्या उंचीला. मी सरपंचांसमोरच सांगितलं, तार जो बांधील त्याचं नाव मी स्वतः ठाण्यात जाऊन देईन, पुतण्या असला तरी.
सरपंचांचा बेत जेसीबीचा. तोंडाशी आडवा खंदक, पुरुषभर खोल. म्हटलं, त्यात पहिला चर जाईल, दुसरा जाईल, शेळ्यांची वाट बंद होईल, गवताला जाणाऱ्या बायकांनी भारा घेऊन काय हायवेनं यायचं?
"मग दुसरं काय करावं काकू?"
"मी वाट आखून देते. तिच्यावरून जातील."
"अन् न्हाई गेले तर?"
ठरलं ते असं : एक मेच्या ग्रामसभेपर्यंत मुदत. तोवर वाट सोडून बांधावर नवी चाकोरी दिसली तर खंदक. मी हो म्हटलं. त्यांनी ते कागदावर लिहिलं, मी वाचून सही केली. दोनदा वाचलं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा भिंतीच्या फटींना चिकटवलेल्या पेपरवरून वाचायला शिकले मी. तेव्हापासून सगळं दोनदा वाचते.

१६ मार्च
चर खणताना पातळी काढायला दोन काठ्यांचा तिकोनी सांगाडा होता. मधोमध दोरी, दोरीला दगड. दगड मधल्या खुणेवर थांबला की दोन्ही पाय एका पातळीत. पुढे मी मेट, म्हणजे टोळीची हजेरी घेणारी, झाल्यावर तो माझ्याकडेच राहिला. आज पत्र्याखालून काढला. एक पाय वाळवीनं खाल्लेला, नवा बसवला.
दिवसभर जैनबी आणि मी. वाट अशी : तोंडापासून दुसऱ्या चराच्या खालच्या अंगानं आडवी. मग चरांच्या टोकांना वळसा घालून सावकाश चढत लिंबापर्यंत. लिंबापाशी वळण, तिथून जुन्या गावची गाडवाट धरून थेट मुरमाच्या खाणीत. खाणीत किती उड्या मारायच्या त्या मारा, तिथं वाहून जायला माती उरलेलीच नाही.
लिंब चौथ्या चराला अगदी लागून आहे. तेवढी एक जागा वाईट. वळण चुकलं की बांधावरच.

१८ मार्च, पाडवा, रविवार
नि. सर एकटेच आले. मी फोन केला होता. गाठी दिली, पोळी खाल्ली, मग वाट चालून बघितली. सांगाडा बघून हरखले. पृथ्वी दगडाला कशी ओढते ते मला समजावून सांगायला लागले. मी म्हटलं, "आमच्या दगडाला म्हाईत हाय ते." हसले. मग म्हणाले, "आजी, वाट फार सपाट झाली. पोरं कंटाळतील." म्हणून खाणीआधी त्यांच्या मनासारखी दोन वळणं घालून दिली.
बाकीच्यांना समजावणं त्यांच्याकडे. "गाडीवर बसल्यावर वाट दिसली पाहिजे पण, लांबून," असं म्हणाले. खरं आहे ते.

२१ मार्च
वाटेच्या कडेनं दगड मांडले आणि रंगवले. अंगणवाडीचं दार रंगवून उरलेला ऑइलपेंट होता, शेंदरी. जैनबी म्हणाली, लई उठून दिसतंय. गावातून दिसतं इतकं.

२५ मार्च, रविवार
आठ गाड्या. आठही वाटेनं गेल्या, वाटेनं आल्या. दारात बसून बघत होते. जेवण विसरले.

३१ मार्च, हनुमान जयंती
संध्याकाळी शेळीमागं गेले तर लिंबापाशी, वळणावरच्या मोठ्या दगडाला हळदकुंकू. फोडलेला नारळ. बाजूच्या दोन लहान दगडांनाही बोटं लावलेली.
कुणी केलं, कळलं नाही. बाहेरगावचा एखादा मेंढपाळ असेल. शेंदरी दगड, वर लिंब, आणि आज हनुमान जयंती. मला आधी सुचायला हवं होतं. मी काय परदेशातून आलेय?

१ एप्रिल, रविवार
झालं. चौथ्या बांधावर चाकोरी. ताजी.
सरांना विचारलं. मान खाली घालून म्हणाले, "आजी, तिथं नारळ फोडलाय. बूट घालून, चाक घासून देवाजवळून कसं जाणार? म्हणून सगळ्यांनी लांबून वळसा घेतला."
चांगल्या घरचे लोक. देवाचा मान राखायला बांधावरून गेले.
त्यांनाच खोरं दिलं. भर उन्हात बांध भरला, चोपून घट्ट केला. केमिस्ट्रीच्या सरांच्या हाताला फोड आले.
मग मीच सरपंचांकडे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "देवासाठी वळसा घेतला म्हणता. त्याला कुठल्या तोंडानं बोलावं? ही एक सोडली काकू. यापुढं न्हाई."

५ एप्रिल
माळावर आज एक जीप. लातूरहून दोन आया, दोन पोरी. दगडापुढं हॉलतिकिटाची झेरॉक्स ठेवून पाया पडल्या. नीटची परीक्षा महिन्यावर आली. क्लासच्या होस्टेलवर बातमी पसरलीय की तिकडं माळावर मारुती वर आलाय, भौतिकशास्त्राचे सरसुद्धा गाडी वळवून जातात. म्हणजे तो वळसाच देवाचा दाखला झाला.
एक पोरगी झाडाला टेकून पुस्तक वाचत होती. डोळ्याखाली काळं. मी विचारलं, जेवलीस का. नाही म्हणाली. भाकरी दिली. रागवायला गेले होते.
सुमनचा नांदेडहून फोन. शाळेला सुट्ट्या लागल्या की तिकडे ये म्हणते. "आई, त्या चराचं काय घेऊन बसलीस? रोहयोचं काम होतं, पगार मिळाला, संपलं." तिला काय सांगावं. ती तेव्हा चार वर्षांची, शेडमध्ये जैनबीच्या पोरांजवळ ठेवून जायचे.

८ एप्रिल, रविवार
माझे दीर, बापूभावजी, यांनी दगडावर चार पत्रे घातले. दानपेटी ठेवली. सभामंडपाची भाषा चालू आहे. मंडप बांधायचा तर चौथा चर बुजवावा लागणार, हे त्यांच्याच तोंडून आलं, अगदी सहज.
म्हणजे एका बाजूला खंदक, एका बाजूला मंडप. आणि दोन्हीच्या मुळाशी माझा डबा.
गाड्यावाले आले, गर्दी बघून तोंडावरूनच परत गेले.

१० एप्रिल
जैनबीच्या ओट्यावर. दगडांना दुसरा रंग देऊ म्हटलं.
"हिरवा दे. पुढच्या साली उरूस भरवू आपून."
"पिवळा?"
"भंडारा उधळतील."
"निळा?"
"जयंती चार दिवसांवर हाय. झेंडा लागंल."
"पांढरा?"
"उन्हाळ्यात समदा माळच पांढरा. काय दिसायचं त्यात?"
एकही रंग मोकळा नाही. खूप वेळानं मी विचारलं, रस्त्याच्या कडेला सरकारी दगड असतात, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. त्याला कुणी कधी हळद लावलेली बघितलीस?
"न्हाई बा. त्याला फकस्त कुत्रं पाय वर करतंय."
ठरलं. काळा-पांढरा. पण आधी लिंबाखालच्याचं काय करायचं?

१२ एप्रिल
सकाळी दूध घालायला सगळे डेअरीवर जमतात. तिथंच सांगून टाकलं. तो दगड मी खाणीतून आणला, अंगणवाडीच्या उरलेल्या रंगानं रंगवला, वाट दिसावी म्हणून. देव-बिव काही नाही. डबासुद्धा नेला होता, दाखवला.
 मग बापूभावजी हात जोडून म्हणाले, "वहिनी, तुमी भाग्याच्या. देवानं तुमच्याच हातून करून घेतलं."
लोक माझ्या पाया पडायला लागले. डबा घेऊन घरी आले.

१३ एप्रिल
खरं सांगून भागत नाही तर काय करावं? रात्रभर तेच डोक्यात. पहाटे चूल पेटवताना सुचलं. नवं गाव झालं तेव्हा जुन्या गावचे देव आपणच तर आणले. मारुती, लक्ष्मी, म्हसोबा, सगळे. ट्रॅक्टरमधून. पुढे बापूभावजी, डोक्याला फेटा, हातात आरती.
त्यांच्या घरी गेले. चहा घेतला. म्हटलं, "भावजी, जुन्या गावातला मारुती तुमीच आणला ना?"
"मीच की. ट्रॅक्टर दुसऱ्याचा, देव माझ्या मांडीवर."
"मग हा का उन्हात ठेवला? पोरी लातूरहून येतात, सावली न्हाई, पाणी न्हाई. गावात मारुतीशेजारी जागा हाय. पुन्हा तुमीच आणा."
विचार करायला लागले. जाऊबाई आतून म्हणाली, "अन् माळावर पेटीची राखण कोण करणार हो?" ते त्यांना पटलं. गुरवाला विचारलं. तो म्हणाला, हलवता येतो, नारळ फोडून मागणं केलं की देव उठतो. भूकंपाच्या वेळी सगळे असेच उठले.
मारुती उठला, म्हसोबा उठला. माणसं तेवढी तिकडं राहिली. घरी येईपर्यंत हेच मनात. मग शेळीला पाणी पाजलं.

१७ एप्रिल, मंगळवार
देव गावात आला. ट्रॅक्टर, बँड, गुलाल. बापूभावजींचा फेटा पुन्हा. आता वय झालंय, मांडीवर दगड पेलेना, दोघांनी धरला. मी मागून चालले. मीच घासूनपुसून रंगवलेला दगड, आणि तोंडातून नमस्कार निघाला. खोटं कशाला लिहू.
जैनबी ओट्यावरून बघत होती. जवळून गेले तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, पुन्यांदा डबा उघडू नको."
दुपारी पत्रे निघाले. चौथा चर मोकळा.

१८ एप्रिल
सगळे दगड काळे-पांढरे. हातावरचा रंग रॉकेलनंही जात नाही. एक म्हातारा विचारून गेला, रस्ता मंजूर झाला का.

२२ एप्रिल, रविवार
अकरा गाड्या, नवे लोकही. नि. सरांनी तोंडाशी सगळ्यांना उतरवलं आणि मला बोलायला लावलं. मला काय बोलायचं ते माहीत नव्हतं. चौथ्या चरापाशी नेऊन फक्त एवढंच सांगितलं की हे बायकांनी खणलंय, कशा बायकांनी तेही सांगितलं. टिकावाचंही सांगितलं. एकानं हातातली सिगरेट विझवून खिशात ठेवली.
सगळे वाटेनं गेले. एकजण घसरला, पण वाटेतच घसरला.

२९ एप्रिल, रविवार
सगळे वाटेनं. लिंबाच्या वळणावर नवशिक्यांना हात दाखवायला सर स्वतः उभे होते.
सरपंच भेटले. म्हणाले, "जिंकलात काकू." मी म्हटलं, ग्रामसभा होऊ द्या.

३० एप्रिल
सकाळी गेले. चौथ्या बांधावर चाकोरी.
बसले तिथंच.  सरांना फोन लावायला घेतला, मग नीट बघितलं. बटनाचा टायर नाही. बारीक, झिजलेला, जवळजवळ गुळगुळीत. एकच गाडी, जाऊन परत आलेली. माग धरून चालत गेले. खाणीकडे गेलाच नाही. जुन्या गावच्या बाजूनं डेअरीच्या मागं निघतो. हायवेचा फेरा वाचतो. बांधाच्या माथ्यावर दुधाचा ओघळ, मुंग्या लागलेल्या.
दुधाच्या गाड्या गावात अकरा. डेअरीवर जाऊन अकराही गाड्यांची चाकं वाकून बघितली. लोक हसले. संतोषनं विचारलं, "काय हरवलं काकू?" संतोष बापूभावजींचा, माझा पुतण्या. त्याच्याच पुढच्या चाकात लिंबाखालची लाल माती होती. बाकी दहांची चाकं काळ्या मातीची.
"माळावरून आलास का रं?"
"रोजच येईन म्हणतो. लातूरवाले जायलेत, मग आमाला काय बंदी हाय? वाट झालीच की आता तिकडं."
"वाटेनं गेला असतास तर बोलले नसते. तू बांधावरून गेलास."
"वाटेनं लांब पडतं काकू."
वाट मी लातूरवाल्यांसाठी आखली. गावाला कधी बोलावून दाखवलीच नाही. गावाला माहीतच आहे असं धरून चालले. चूक माझी. पण बांध त्यानंच फोडला, हेही खरं.
घरी आल्यावर कागद काढून पुन्हा वाचला. "बांधावर नवी चाकोरी दिसल्यास." कुणाची, ते लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचला होता.

३० एप्रिल, दुपार
जैनबी खोरं घेऊन आली. "चल, भरून टाकू. तासाचं काम हाय. उद्याला कुणाच्या बापाला कळायचं न्हाई."
मी नको म्हटलं. बराच वेळ भांडली. सुमनलाही फोन केला तिनं. सुमन म्हणाली, आई, भर ना बाई, आणि संतोषला घरात बोल, गावापुढं कशाला. बापूभावजींचं घर तुटेल.
तुटेलही. एकच दीर आहे मला.
पण भरला तर उद्या मी हात वर करून सांगायचं की एकही चाकोरी पडली नाही. आणि परवा संतोष पुन्हा जाणार, त्याच्यामागं उरलेले दहा. लातूरवाल्यांना मी उन्हात खोरं धरायला लावलं, ते कशाच्या जोरावर?
उद्या दहाला ग्रामसभा. आधी मीच उठणार. चाकोरी पडली हे सांगणार, कुणाची तेही सांगणार. मग विचारणार, आता खंदक खणायचा तर कुणाला अडवायला? सरपंच कागद दाखवतील. दाखवू देत. सही माझीच आहे. सगळ्यांना माळावर चला म्हणणार, लिंबापर्यंत, पायी. संतोषलाही. वाट तिथंच दाखवीन, पावलापावलानं. मग हात वर करा म्हणणार, खंदक की वाट.
किती हात वर होतील, काही सांगता येत नाही. बापूभावजींचा तर नाहीच.
जैनबी खोरं माझ्या दारात ठेवून गेली. बांध भरलेला नाही. तसाच ठेवलाय, उद्या सगळ्यांना दिसेल असा.